थेरपिस्टने काय सांगितलं ज्याचा तुम्हाला खरंच उपयोग झाला?

पायवाट

बरेच दिवस हा धागा काढायचा मनात होतं, आज लिहितेच.

गेले चौदा महिने मी थेरपिस्टकडे जातेय, आधी एकटी आणि शेवटचे सहा महिने नवऱ्याबरोबर. आमच्यात मारहाण नाही, व्यसन नाही, बाहेरचं काही नाही, त्यामुळे "तुला कशाला हवंय थेरपी वगैरे" हे खूप जणांकडून ऐकलं. पण आम्ही रोज भांडायचो. उशीर होणार होता तर कळवलं का नाही, टॉवेल ओला का टाकलास, चार लोकांसमोर मला असं का बोललास. अर्ध्या तासाने सुरुवात कशावरून झाली ते दोघांनाही आठवायचं नाही आणि मग दोन दोन दिवस अबोला. घरात दोन माणसं आणि दोघांचे फोन, बाकी शांतता. ते दिवस आठवले की अजून पोटात खड्डा पडतो.

पहिल्या सेशनला मी यादी घेऊन गेले होते, तो काय काय चुकतो त्याची. मला वाटलं बाई ऐकून घेतील आणि कोण बरोबर ते सांगतील. ते त्यांनी आजपर्यंत एकदाही सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलं, "शेवटचं भांडण झालं त्यात तुमचं पहिलं वाक्य काय होतं?" ते होतं, "तुला माझी पर्वाच नसते." त्यांनी ते कागदावर लिहिलं आणि त्यातल्या 'च'भोवती गोल काढला. म्हणाल्या, आता हे वाक्य बाजूला ठेवा आणि त्या संध्याकाळी तुमच्या बाबतीत जे घडलं तेवढंच सांगा. तर घडलं असं होतं की मी दोन तास वाट बघत होते, त्याचा फोन लागत नव्हता, आणि मला भीती वाटायला लागली होती की काही बरंवाईट तर झालं नसेल ना. त्या भीतीचा माझ्या पहिल्या वाक्यात मागमूस नव्हता. तो दारातून आत आला आणि त्याला मिळाला तो थेट आरोप. मग तोही "मी काय मजा मारत होतो का" म्हणाला, आणि पुढचं सगळं तुम्हाला माहितीच असेल, प्रत्येक घरात तेच होतं.

नंतर त्यांनी सांगितलं की यावर अभ्यास झालाय. सिबिल कॅरेर आणि जॉन गॉटमन या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी 124 नवविवाहित जोडप्यांची मतभेदाच्या विषयावरची बोलणी रेकॉर्ड केली होती, 1999 साली ते प्रसिद्ध झालं. पुढे ज्यांचा घटस्फोट झाला आणि ज्यांचा नाही, त्यांच्यातला फरक पहिल्या 3 मिनिटांतच दिसत होता. मला हे ऐकून आधी धस्स झालं आणि मग बरं वाटलं, कारण तीन मिनिटं तर माझ्या हातात आहेत ना, अख्खा नवरा बदलायचा म्हटलं तर ते कुठून जमणार.

आता मी पहिलं वाक्य मनात एकदा म्हणून बघते. काय झालं, मला काय वाटलं, मला काय हवंय. "तू येईपर्यंत मला फार काळजी वाटत होती, उशीर होणार असेल तर एक मेसेज टाकत जा." एवढंच. दहातल्या सहा वेळा जमतं. जमत नाही तेव्हा मधेच थांबून "मी हे चुकीचं सुरू केलं, परत सांगते" असं म्हणते आणि खरंच परत सांगते. सुरुवातीला नाटकी वाटायचं, आता नाही वाटत.

तुमच्यापैकी कुणी जात असाल किंवा गेला असाल तर तुम्हाला काय सांगितलं गेलं आणि कशाचा उपयोग झाला ते लिहा. नवरा-बायकोच असं नाही, आई-वडील, भावंडं, ऑफिस, झोप, काहीही चालेल.

गवतफूल

पायवाट, फार छान आणि मनापासून लिहिलंयस. त्या 'च'वर मी दिवसभर विचार करणारे आज. "तू नेहमीच", "तू कधीच", "तुला जमतच नाही"... माझी तर सगळी वाक्यं त्याच्यावरच संपतात.

पानगळ

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे म्हणून लिहितोय. तो गप्प बसणारा.

बायको बोलायला लागते आणि पहिली दोन-तीन वाक्यं मला नीट ऐकू येतात, त्यानंतर खरं सांगतो, ऐकूच येत नाही. कानात घूं असा आवाज येतो, छाती भरून येते, आणि डोक्यात एकच चालू असतं की आता एक शब्द बोललो तर अजून बिघडेल म्हणून बोलायचं नाही. मग मी मान खाली घालून बसतो किंवा उठून दुसऱ्या खोलीत जातो. ती मागून येते. ती म्हणते तुला काही फरकच पडत नाही, दगड आहेस तू. आणि मला आतून इतका फरक पडत असतो की रात्री दोन वाजेपर्यंत झोप लागत नाही, पण ते तिला कसं सांगायचं ते मला कळत नाही. सकाळी मी नेहमीसारखा वागायचा प्रयत्न करतो तर ती अजून चिडते की काही झालंच नाही असा वागतोयस.

ती म्हणतेय आपण दोघं कुणाकडे तरी जाऊ. माझी हिंमत होत नाहीये. मला वाटतं तिथे मला समोर बसवून सांगतील की सगळं तुझंच चुकतंय.

दुसरीबाजू

मी स्वतः समुपदेशक आहे, जोडप्यांबरोबर काम करून अकरा वर्षं झाली. इथे कुणाचं निदान करत नाही, तसं करूही नये, पण पानगळ यांनी जे लिहिलंय ते इतकं ओळखीचं आहे की राहवलं नाही.

तुम्ही जे वर्णन केलंय त्याला गॉटमन 'फ्लडिंग' म्हणतात, म्हणजे शरीराला पूर आल्यासारखं होणं. त्यांनी आणि त्यांचे सहकारी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट लेव्हन्सन यांनी जोडप्यांना समोरासमोर बसवून, छातीला आणि बोटांना सेन्सर लावून वर्षानुवर्षं मोजमापं घेतली. नाडी साधारण मिनिटाला 100च्या वर गेली की माणूस ऐकण्याच्या अवस्थेत राहत नाही, समोर वाघ उभा असताना शरीर जे करतं तेच सोफ्यावर बसून करत असतं. बाहेरून दगड, आत धावपळ. त्यांच्या अभ्यासात असं पूर्ण बंद होऊन बसणाऱ्यांमध्ये जवळपास 85 टक्के पुरुष होते, पण बायकाही असतात, माझ्याकडे येतात त्यातल्या कितीतरी असतात.

एक प्रयोग मी प्रत्येक जोडप्याला सांगते. भांडण चालू असताना गॉटमन यांच्या टीमने लोकांना सांगितलं की यंत्रात बिघाड आहे, जरा थांबा, विषयावर बोलू नका, ही मासिकं वाचत बसा. अर्ध्या तासाने परत बोलायला लावलं तर नाडी उतरलेली होती आणि तीच माणसं, तोच विषय, पण बोलण्याचा सूर बदललेला. कुणी त्यांना काही शिकवलं नव्हतं.

म्हणून थांबणं चुकीचं नाही पानगळ. तुम्ही थांबता ते बरोबरच करता. पण तुम्ही न सांगता जाता आणि परत येत नाही. तिच्या बाजूने बघा, तिला फक्त पाठ दिसते आणि हे कधी संपणार ते माहीत नसतं, म्हणून ती मागे येते. ती मागे आली की तुमचा पूर अजून चढतो. यात दोघंही एकमेकांना घाबरवतायत, आणि दोघांनाही वाटतंय की सुरुवात समोरच्याने केली.

तर तीन गोष्टी करून बघा. जाताना सांगायचं, "मला आत्ता ऐकू येत नाहीये, अर्धा तास दे, साडेनऊला मी इथेच येतो." वेळ सांगायचीच, नुसतं "नंतर बोलू" म्हणायचं नाही. त्या अर्ध्या तासात मनातल्या मनात भांडण पुढे चालवायचं नाही, नाहीतर नाडी उतरतच नाही, चाला, आंघोळ करा, काहीतरी वाचा, निदान 20 मिनिटं तरी. आणि साडेनऊला तुम्ही स्वतः यायचं. तिने बोलवायच्या आधी. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड आहे आणि तिच्याचमुळे पहिल्या दोन टिकतात. सांगितलेल्या वेळेला तुम्ही चार-पाच वेळा परत आलात की ती मागे यायचं आपोआप थांबवते.

आणि "सगळं तुझंच चुकतंय" असं समोर बसवून सांगणारी व्यक्ती भेटली तर उठून या, ती चांगली थेरपी नाही.

गवतफूल

+१०० या प्रतिसादाला. परत येणं! आमच्याकडे जाणं रोज होतं, येणं होत नाही.

साधाप्रश्न

चर्चा चांगली चाललीये, एक शंका मांडतो, कुणाला दुखवायचा हेतू नाही. गॉटमनच्या अभ्यासाबद्दल "घटस्फोटाचं 90 टक्के अचूक भाकीत" वगैरे सगळीकडे वाचायला मिळतं. ते तपासून घेण्यासारखं आहे. ज्या जोडप्यांची माहिती आधीच हातात आहे आणि कोण वेगळं झालं हेही माहीत आहे, त्याच माहितीवरून सूत्र बसवलं तर आकडा मोठा येणारच. खरं भाकीत म्हणजे ते सूत्र नव्या, न बघितलेल्या जोडप्यांना लावून बघणं. ही टीका इतर संशोधकांनी केलेली आहे. त्यामुळे "तीन मिनिटांत कळतं तुमचा घटस्फोट होणार की नाही" असं कुणी मनावर घेऊ नये. आमच्या ओळखीत एकीने हे कुठेतरी वाचलं आणि आपलं लग्न संपलं असं धरूनच बसली, सहा महिने त्या भीतीत काढले तिने.

दुसरीबाजू

साधाप्रश्न, हे सांगितलंत ते फार बरं केलंत, आणि टीका रास्त आहे. मी स्वतः भाकिताचे आकडे कुणालाही सांगत नाही. जोडप्यांच्या गटात काय दिसलं आणि तुमच्या घरात काय होणार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या कामात उपयोग होतो तो वर्णनाचा. टीका, तुच्छता, स्वतःचा बचाव आणि भिंत (म्हणजे पूर्ण बंद होऊन बसणं), ही जी चार वळणं त्यांनी सांगितलीयत ती लोकांना स्वतःच्या बोलण्यात पटकन ओळखू येतात. त्यातली तुच्छता सगळ्यात वाईट. डोळे फिरवणं, नक्कल करणं, "तुझ्याकडून काय अपेक्षा ठेवायची" असलं बोलणं. रागात प्रेम शिल्लक असू शकतं, तुच्छतेत समोरचा माणूस आपल्या खालचा झालेला असतो. सेशनमध्ये ती दिसली की मी बाकी सगळं बाजूला ठेवून तिथे थांबते.

अजून एक आकडा मात्र मी सांगते कारण तो ऐकून लोकांचे खांदे सैल होतात. त्यांच्या पाहणीत जोडप्यांच्या मतभेदांपैकी 69 टक्के कधीच न सुटणारे होते, म्हणजे वर्षांनंतर परत बोलावलं तरी तोच विषय. एकाला लोकांत रमायला आवडतं दुसऱ्याला घरी, एक खर्च करणारा एक जपून ठेवणारा. टिकलेल्या जोडप्यांचेही ते सुटले नव्हते. फक्त त्यांना त्या विषयावर एकमेकांना न दुखवता बोलता येत होतं, कधी हसताही येत होतं.

किनारा

मला आईबद्दल लिहायचंय. चालेल असं म्हटलंयस म्हणून लिहिते.

आई मला रोज फोन करते आणि वीस मिनिटं बाबांबद्दल सांगते. काय बोलले, कसे वागले, कसं तोंड फिरवून बसले. हे मी नऊ-दहा वर्षांची असल्यापासून चालू आहे, तेव्हा फोन नव्हता, रात्री माझ्या शेजारी झोपायला यायची आणि सांगायची. मी तिची बाजू घ्यायचे, बाबांशी बोलायचे नाही, आणि मग दोन दिवसांनी त्या दोघांचं जमलेलं असायचं आणि मी मात्र बाबांवर चिडलेलीच. आज मी छत्तीस वर्षांची आहे आणि बाबांशी मला काय बोलावं ते सुचत नाही. मला वाटायचं मी आईची मैत्रीण आहे, तिला माझ्याशिवाय कोण आहे.

थेरपिस्टने मला एक त्रिकोण काढून दाखवला. मरे बोवेन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांची कल्पना आहे म्हणाले. दोन माणसांमधला ताण दोघांना झेपला नाही की ते तिसऱ्याला आत ओढतात, ताण हलका होतो, पण सुटत नाही, आणि तिसऱ्याच्या अंगावर येऊन बसतो. घरात बहुतेक वेळा हा तिसरा म्हणजे मूल. मी ते चित्र बघून इतकी रडले की सेशन तिथेच संपलं. कारण मला पहिल्यांदा कळलं की मी लहान होते आणि ते काम माझं नव्हतंच.

त्यांनी आईशी संबंध तोडायला सांगितलं नाही. मला तीच भीती होती. त्यांनी एक वाक्य तयार करून घेतलं माझ्याकडूनच, "आई, हे तू बाबांना सांग, मला तुझं ऐकायचंय, तुझा दिवस कसा गेला ते सांग." पहिल्यांदा बोलले तेव्हा आईने फोन ठेवला. चार दिवस फोन नाही. ते चार दिवस मी कसे काढले मलाच माहीत, दहा वेळा वाटलं की माफी मागावी. थेरपिस्टने आधीच सांगून ठेवलं होतं की आधी बिघडेल, घरातलं माणूस नेहमीची जागा सोडतं तेव्हा बाकीचे त्याला परत तिथे ढकलतात, त्यात त्यांचा दुष्टपणा नसतो. पाचव्या दिवशी फोन आला आणि आईने मला तिच्या गुडघ्याबद्दल सांगितलं. फक्त गुडघ्याबद्दल. मला इतका आनंद झाला होता.

अजून महिन्यातून एकदा-दोनदा बाबांचा विषय येतोच. मी तेच वाक्य बोलते. आणि बाबांना मी आता दर रविवारी वेगळा फोन करते, आईच्या मार्फत नाही. पहिले काही फोन दोन मिनिटांत संपले, हवापाणी आणि तब्येत. गेल्या रविवारी पंधरा मिनिटं बोललो.

पायवाट

किनारा, काय लिहू कळत नाहीये. ते चार दिवस तू थांबलीस ते फार मोठं आहे. आईचा राग सहन करणं हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

उंबरठा

नवीन आयडी घेऊन लिहितेय. वरचं सगळं वाचलं. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे.

माझा पार्टनर माझा फोन रोज बघतो. कुणाशी बोलले, किती वेळ बोलले. मैत्रिणींना भेटायला गेले की दर पंधरा मिनिटांनी फोन, म्हणून आता मी जातच नाही. दोनदा त्याने रागात माझा हात पिरगळलाय, नंतर खूप रडला, माफी मागितली. मी पहिलं वाक्य हळू बोलते, नीट बोलते, सगळं करते तरी त्याला राग येतो, मग मला वाटतं की माझंच बोलायचं कुठेतरी चुकत असणार. तो आता म्हणतोय आपण कपल थेरपीला जाऊ. जावं का?

दुसरीबाजू

उंबरठा, लिहिलंत त्याबद्दल मनापासून धन्यवाद, सोपं नव्हतं ते.

तुमचं बोलणं चुकत नाहीये. या धाग्यावर आत्तापर्यंत जे सांगितलं गेलं, पहिलं वाक्य, ब्रेक, परत येणं, ते सगळं अशा दोन माणसांसाठी आहे जी एकमेकांना घाबरत नाहीत. जिथे एकाला दुसऱ्याची भीती वाटते, जिथे हात उचलला जातो, कुठे जायचं कुणाशी बोलायचं यावर पहारा असतो, तिथे हे नियम लावायचे नसतात. तिथे "मी अजून नीट बोलले असते तर" हा विचारच माणसाला अडकवून ठेवतो.

अशा परिस्थितीत एकत्र थेरपी आम्ही सुचवत नाही. तो शेजारी बसलेला असताना तुम्ही खरं बोलू शकणार नाही, आणि बोललात तर त्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागू शकते. आधी तुम्ही एकट्या भेटा, वेगळ्या थेरपिस्टला, आणि पहिल्याच भेटीत हात पिरगळल्याचं सांगा. तुमचं बोलणं थेरपिस्ट बाहेर सांगू शकत नाहीत, अपवाद थोडेच, जसं कुणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा, आणि तेही त्यांनी तुम्हाला आधीच समजावून सांगायला हवेत. जिच्यावर विश्वास आहे अशा एका माणसाला आजच हे सगळं सांगून ठेवा, आणि तुमची महत्त्वाची कागदपत्रं कुठे आहेत ते बघून ठेवा. तो फोन बघतो ना, मग इथे लिहिलेलं पुसून टाका, शक्य असेल तर दुसऱ्या कुणाच्या फोनवरून वाचा. निघून जायचं असं मनात आलं तर एकटीने आणि अचानक काही करू नका, तो काळ जास्त धोक्याचा असतो, हिंसाचारातून बाहेर पडणाऱ्यांना मदत करणारी माणसं असतात त्यांच्याशी बोलून ठरवा. आणि कुठल्याही क्षणी जिवाची भीती वाटली तर पोलिसांना फोन करायला संकोच करू नका.

उंबरठा

वाचलं. बहिणीला सांगते आज. पुसतेय हे.

गवतफूल

उंबरठा, आम्ही सगळे आहोत इथे. जमेल तेव्हा नुसतं "ठीक आहे" एवढं लिही.

रातकिडा

माझा विषय साधा आहे या सगळ्यापुढे पण कुणाला तरी उपयोग होईल म्हणून टाकतो. मला कुणाशी भांडण नाही, मला काळजीचा त्रास. दिवसभर ठीक, अंथरुणाला पाठ टेकली की सुरू. ऑफिसात बॉस असं का म्हणाला, मुलाचं पुढे काय, आई-वडिलांना काही झालं तर.

मी थेरपिस्टला म्हटलं मला काळजी बंद करायचीये. तर म्हणाले बंद करायची नाही, तिला वेळ ठरवून द्यायची. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास, आणि त्या अर्ध्या तासात फक्त काळजीच करायची. इतर वेळी मनात आली की कागदावर एक ओळ लिहायची आणि तिला सांगायचं की साडेसहाला बघू. ही पद्धत थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 साली तपासून बघितली होती. मला वाटलं असं कुठे मन ऐकतं का. पहिला आठवडा ऐकलं नाही. दुसऱ्या आठवड्यात साडेसहाला कागद उघडला की दहातल्या सात ओळींवर काही बोलण्यासारखंच नसायचं, त्या सकाळच्या सकाळीच विरलेल्या असायच्या. उरलेल्या तिनांवर मात्र खरंच काहीतरी करता येण्यासारखं होतं आणि तेच मी आधी कधी केलं नव्हतं, कारण रात्री दोन वाजता काय करणार.

झोपेसाठी वेगळं सांगितलं, की झोप लागत नसेल तर पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त अंथरुणात तळमळत पडायचं नाही, उठून दुसरीकडे मंद दिव्यात बसायचं आणि डोळे मिटायला लागले की मगच परत यायचं. घड्याळात बघायचं नाही. आणि सकाळी उठायची वेळ रोज तीच, रात्र कशीही गेली तरी. रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये मांडलेलं आहे हे. अंथरूण म्हणजे काळजी करायची जागा अशी शरीराला सवय लागलेली असते, ती मोडायची. मला साधारण पाच आठवडे लागले, मधे दोन-तीन दिवस फार वाईट गेले, दिवसा झोप यायची. गाडी चालवणाऱ्यांनी त्या दिवसांत सांभाळावं. आणि घोरताना श्वास अडकत असेल किंवा मन सतत उदास राहत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, माझ्या थेरपिस्टने पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं.

मधलीसुट्टी

इथे सगळ्यांना चांगले थेरपिस्ट मिळालेले दिसतायत. माझा अनुभव चांगला नव्हता. चार सेशन केली, प्रत्येक वेळी मी बोलायचो आणि समोरून "हं, मग?" एवढंच. तिसऱ्या सेशनला मी वडील गेल्याचं सांगत होतो आणि त्यांनी घड्याळात बघितलं. परत गेलो नाही. दीड वर्ष झालं. परत जायची गरज आहे हे कळतं पण तो हात घड्याळाकडे गेलेला डोळ्यांसमोरून जात नाही.

दुसरीबाजू

मधलीसुट्टी, हे व्हायला नको होतं. वाईट वाटलं वाचून.

एक सांगते. थेरपी कुठल्या पद्धतीची आहे याइतकंच, काही वेळा त्याहून जास्त, तुमचं आणि थेरपिस्टचं नातं महत्त्वाचं असतं. एडवर्ड बोर्डिन यांनी 1979 मध्ये त्याचे तीन भाग सांगितले होते: आपण कुठे जायचंय यावर दोघांचं एकमत, त्यासाठी काय करायचंय यावर एकमत, आणि दोघांमधला विश्वास. पुढच्या वेळी नवीन व्यक्तीला पहिल्याच भेटीत विचारा, की तुम्ही कसं काम करता, मला साधारण काय करावं लागेल, आपल्याला फरक पडतोय हे कसं कळेल. या प्रश्नांचा राग येत असेल तर ती व्यक्ती तुमच्यासाठी नाही. आणि घड्याळाची गोष्टही पहिल्याच दिवशी सांगा, अगदी आत्ता लिहिलीत तशीच. चांगला थेरपिस्ट त्यावर बचाव करत बसणार नाही. माझ्या एका क्लायंटने मला सांगितलं होतं की मी तिचं वाक्य मधेच तोडलं आणि तिला लहानपणीसारखं वाटलं. ती ते बोलली म्हणून आमचं काम पुढे गेलं, नाहीतर तीही निघून गेली असती आणि मला कारण कधी कळलंच नसतं.

मधलीसुट्टी

असं सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं. बघतो.

पायवाट

मधे आठ दिवस येता आलं नाही. सगळं वाचून काढलं आत्ता.

गवतफूलने 'च'बद्दल लिहिलं होतं त्यावरून आठवलं ते सांगते. तो 'च' मी फक्त नवऱ्याला लावते असं मला वाटायचं. मग एक दिवस थेरपिस्टने मला स्वतःबद्दलची वाक्यं लिहायला सांगितली. "मी चिडताच कामा नये." "मला सगळं जमलंच पाहिजे." "घर नीटच असलं पाहिजे." कागदभर 'च' झाले. त्या म्हणाल्या अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञांनी 1955 च्या सुमारास थेरपीची जी पद्धत मांडली तिचा गाभाच हा आहे, की "असं झालं तर बरं होईल" हे आपण "असं झालंच पाहिजे" करून टाकतो आणि मग तसं झालं नाही की वाईट वाटायच्या ऐवजी कोसळतो किंवा भडकतो. इच्छा सोडायची नाही, फक्त तिचा हट्ट सोडायचा. मी ती सगळी वाक्यं परत लिहिली, 'च' काढून. "घर नीट असलं तर मला बरं वाटतं." वाचताना श्वास मोकळा होतो बघा. स्वतःवरचा 'च' कमी झाला तसा नवऱ्यावरचाही कमी झाला, असं का होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही पण झालं खरं.

उंबरठाकडून काही कळलं का कुणाला?

गवतफूल

हो, मला निरोप आला परवा. बहिणीकडे आहे. एवढंच सांगायला सांगितलंय.

पायवाट

देवा. बरं वाटलं गं.

पानगळ

मी परत आलो सांगायला.

दुसरीबाजू यांनी लिहिलेलं मी बायकोला वाचायला दिलं. मला तोंडाने सांगता आलं नसतं म्हणून फोनच हातात दिला, माझी पोस्ट पण तिने वाचली. कानात घूं होतं ते वाचून तिने मला विचारलं, हे खरं आहे का, इतकी वर्षं असं होतंय? मी हो म्हटलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

मग गुरुवारी झालं भांडण, विषय तोच जुना, तिच्या घरच्यांकडे मी येत नाही हा. मला चढायला लागलं. मी म्हटलं, "मला ऐकू येईनासं झालंय, अर्धा तास दे, दहाला येतो." आवाज कापत होता माझा. ती म्हणाली जा. मी खाली जाऊन चालत राहिलो, पहिली दहा मिनिटं मनात तिलाच उत्तरं देत होतो, मग लक्षात आलं आणि रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर वाचत सुटलो, काहीतरी करायचं म्हणून. दहाला पाच कमी असताना वर आलो. जिन्यात पाय अडत होते खरं सांगतो. ती तिथेच बसलेली होती, मागे आली नव्हती.

गवतफूल

पानगळ!! मग? पहिलं वाक्य काय बोललात?

पानगळ

म्हटलं, "आलो. मगाशी तू म्हणालीस की तिथे सगळ्यांमधे तुला एकटं वाटतं, तिथपर्यंत मी ऐकलं होतं. त्याच्या पुढचं सांग."